स्क्रीनवर न मावणारी माणसं

कारखान्यात माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी पहिल्याच आठवड्यात ऐकवते, की मेमरी काय बापाची पेंड नाही. मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढा संगणक. त्यात जागा मोजकी, ती हात राखून वापरायची. सुप्याच्या त्या कारखान्यात आम्ही यंत्रांवर बसवायचे छोटे रंगीत स्क्रीन तयार करतो, आणि कुणाचा प्रोग्राम जागेत मावला नाही की तो पोरगा किंवा पोरगी पडक्या चेहऱ्याने माझ्या टेबलाशी येते. मी दोन टोमणे मारते आणि दुरुस्त करून देते. टोमण्यांचा मला पगार मिळत नाही, ते मी हौसेने करते.

म्हणून गेल्या भाद्रपदात एका रविवारी माझ्याच लॅपटॉपवर, माझ्याच प्रोग्रामखाली लाल अक्षरांत मेमरी ओव्हरफ्लो उमटलं तेव्हा मी आधी आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं. घरात फक्त नवरा होता आणि तो गवार निवडत होता.

"काय झालं गं?"

"कुठं काय?"

अडीच लाख बाइट जास्त झाले होते. म्हणजे पिशवी दहा किलोची आणि मी त्यात क्विंटलभर कोंबायला निघाले होते.

हे सगळं आईसाठी चाललं होतं. आई पुणतांब्याच्या शिवारात, गावापासून लांब वस्तीवर राहते. वडील जाऊन सहा वर्षं झाली. तीन एकर रान, त्यात गहू, कांदा, थोडा घास, दावणीला एक गाय, आणि या सगळ्यावर आईची हुकमत. विहीर दोन रानं ओलांडून पलीकडे. ती विहीर तीन घरांची आहे: थोरले काका, आम्ही आणि धाकटे काका. पाण्याला बारी लावलेली. चार दिवस त्यांचे, चार आमचे, चार धाकट्यांचे. लाईट आली की आईने चालत विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची, परत येऊन दारं धरायची, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायचं, मग बंद करायला पुन्हा जायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ओल्या बांधावरून तिचा पाय सटकला आणि डावं मनगट मोडलं.

माझा थोरला भाऊ शिर्डीत हार-प्रसादाचं दुकान चालवतो. दादा वाईट नाही, तो फक्त थोरला आहे. आईचा हात प्लास्टरमध्ये बघून त्याने तिथेच उभ्या उभ्या निकाल देऊन टाकला. "आता बास झालं. भाऊबीज झाली की आईला शिर्डीला नेतो. गाय काकांच्या दावणीला, रान वाट्याने. इथं बिबटे फिरतात, लाईटीचा भरवसा न्हाई, आन् ही एकटी."

शिर्डीत त्याच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. तो गेल्यावर आई मला म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर म्या काय करू? कुंडीत दारं धरू व्हय?"

"रोज बाबांचं दर्शन होईल की."

"बाबाला ठावं हाय म्या कुठं ऱ्हाते ते."

खरं सांगायचं तर मला आईची जितकी काळजी होती तितकीच माझीही होती. आई शिर्डीला गेली की वस्तीला कुलूप. मग दिवाळीला मी जाणार ती वहिनीच्या घरी, पाहुणी म्हणून. वहिनी गुणाची आहे. ती मला सोफ्यावर बसवेल आणि ट्रेमधून पाणी आणून देईल. माहेरी कुणी ट्रेमधून पाणी देतं का? आपण उठतो आणि माठात तांब्या बुडवतो. पन्नाशीला आलेली बाई मी, पण ते जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी दादाशी पैज लावली. आईने घरात बसून मोटर चालू-बंद केली आणि विहिरीवर काय चाललंय ते तिला घरात कळलं, तर आई वस्तीवरच राहणार.

"दाखव करून. भाऊबीजेला मी येतोच हाय," तो म्हणाला.

तो एवढा निर्धास्त का होता ते सांगते. बाजारात मोबाईलवर चालणारे स्टार्टर मिळतात, आणि तसला एक त्याने आधीच बसवून पाहिला होता. त्यातली बाई फोनवर सांगते, मोटर चालू झाली, मोटर बंद झाली. पण आईच्या डाव्या कानाला ऐकूच येत नाही, आणि उजव्याला सोयीचं तेवढंच येतं. तिने त्या यंत्रातल्या बाईशी भांडण काढलं. "म्या तीनदा इचारलं, लाईट हाय का न्हाई? ती आपलंच रेटती." मेसेज येत होते, पण आईला वाचता येत नाही. महिनाभरात तो स्टार्टर फळीवर गेला.

माझ्या मनात सोपं होतं. विहिरीवरच्या पेटीत एक बोर्ड, घरात भिंतीवर एक, दोघांचं आपसात बिनतारी बोलणं. घरातल्या बोर्डाला तळहाताएवढा स्क्रीन आणि खाली दोन बटणं, हिरवं आणि लाल. स्क्रीनवर चित्रं: लाईट आहे की नाही, पाणी पडतंय की नाही, आणि आज बारी कुणाची. बारीसाठी मी तीन घरांना तीन रंग ठरवले होते. थोरले काका पिवळे, आम्ही निळे, धाकटे काका लाल. पैज लागल्यावर पुढच्याच रविवारी वस्तीवर जाऊन कागदावर काढून आईला दाखवलं.

"थोरलं भावजी म्हंजी पिवळा रंग?" आईने आवाज खाली आणला. "त्यांस्नी कळलं तर वरीसभर बोलायचे न्हाईत. फोटू लाव."

फोटो म्हटल्यावर मीही नाही म्हटलं नाही, आणि तिथेच फसले. एकट्या काकांचा फोटो कसा लावणार, काकू काय परक्या आहेत? आणि काकूंचा लावला तर धाकट्या काकूंचाही हवा. धाकट्या काकूंनी नातवाला मांडीवर घेतलेला फोटो पाठवला, कारण थोरल्यांना अजून नातू नव्हता. मग थोरल्यांनी फेटा बांधलेला पाठवला. वहिनीच्या कानावर गेलं तेव्हा तिने आमच्या बारीसाठी म्हणून आई, दादा, ती स्वतः पैठणीत आणि दोन्ही पोरं असा पाच जणांचा फोटो पाठवला, त्यात मागे फुलांची कमान. आमच्याकडे लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर पुढची दोन लग्नं बिघडतात. मी पाण्याच्या मोटरीचा स्क्रीन करायला बसले होते, झाली लग्नपत्रिका. अडीच लाख बाइट गेले ते असे.

आता दुरुस्ती. मी नव्या पोरांना जे शिकवते त्या सगळ्यात मी स्वतः चुकले होते.

बोर्डात दोन जागा असतात. एक कोठी. तिथे भरपूर मावतं आणि लाईट गेली तरी राहतं. दुसरी म्हणजे ओटा. चालू कामाला जे हाताशी लागतं तेवढंच त्याच्यावर, आणि हा ओटा वीतभर. फोटो काही बदलणारे नव्हते, त्यांनी कोठीत राहायचं. तसं प्रोग्रामला एका शब्दात सांगावं लागतं. तो शब्द मी लिहिला नव्हता, म्हणून सगळी भावकी फेट्यासकट ओट्यावर चढून बसली होती. शब्द लिहिला, दीड मिनिटात संकटाचा तिसरा हिस्सा गेला. हीच चूक मागे एका पोराने केली होती आणि मी त्याला दिवसभर बोलले होते. त्याला सोमवारी चहा पाजायचा असं मी ठरवलं. पाजला नाही, कारण त्याने कारण विचारलं असतं.

नंतर स्क्रीनचं चित्र. ते लुकलुकू नये म्हणून आख्खं चित्र आधी मेमरीत तयार करायचं आणि मग एकदम दाखवायचं, ही माझी हौस. तीनशेवीस गुणिले दोनशेचाळीस ठिपके, दर ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे दीड लाखाच्या वर. पण गावजेवणाला हजार माणूस येणार म्हणून कुणी हजार पाट मांडतं का? पंगत बसते, उठते, जागा पुसून घेतात, त्याच जागेवर पुढची बसते. मी चित्राचे बारा पट्टे केले आणि एका पट्ट्याएवढ्या जागेत सगळे बाराच्या बारा आळीपाळीने जेवू घातले. दीड लाखाचं काम तेरा हजारांत झालं.

दाखवायच्या वेळी फोटोही ओट्यावर आणावा लागतो, म्हणून मग फोटोंचे रंग कमी केले. सोळाच रंग ठेवले तर जागा चौथाई लागते. नवरात्रात एका रविवारी वस्तीवर स्क्रीन नेऊन दाखवला, तर थोरल्या काकू डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"ह्यांच्या तोंडावर शेवाळ का आलंय?"

काकांनी स्वतः वाकून पाहिलं. सोळा रंगांत त्यांच्या गव्हाळ वर्णाला जागा नव्हती, म्हणून प्रोग्रामने जवळचा म्हणून हिरवा दिला होता. "सगळ्यांस्नी रंग पुरला, आन् आमच्याच तोंडाला कमी पडला व्हय?" ते म्हणाले आणि चहा न घेता निघाले. मी त्यांच्यामागे अर्ध्या बांधापर्यंत गेले. मग चुलत्यांच्या दोन्ही फोटोंना दोनशेछप्पन रंग दिले, जागा चौथाईऐवजी निम्मी लागली, आणि काका पुन्हा माणसांत आले. वहिनीच्या पैठणीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. तो फोटो सगळ्या रंगांसकट तसाच ठेवला.

एवढं करूनही वीस हजार बाइट जास्तच होते. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. कुठे काही सापडेना. आईचं प्लास्टर निघालं होतं, ती शेजारी बसून त्या हाताने हळूहळू शेंगा फोडत होती. तिने लॅपटॉपवरच्या चित्राकडे बोट केलं.

"फोटूच्या खाली ते काय लिवलंय?"

"मोटर चालू," मी जरा मोठ्याने सांगितलं. अक्षरं मी मुद्दाम देखणी निवडली होती, वळणदार, सगळ्या जोडाक्षरांसकट, लहान-मोठ्या तीन आकारांत.

"कुनासाठी?"

त्या स्क्रीनकडे बघणारं माणूस एकच होतं, आणि त्याला वाचता येत नव्हतं. प्रोग्राम सुरू झाला की ती सगळी देखणी अक्षरं ओट्यावर येऊन बसत होती, आणि त्यांचा आईला काडीचा उपयोग नव्हता. ती माझ्यासाठी होती. कुणी पाहिलं तर म्हणावं, काय सुबक काम केलंय बाईने.

"कुणासाठी नाही," मी म्हटलं.

"मंग काढ की."

काढली. लाल ओळ गेली. वीस वर्षांच्या अनुभवाला जे दिसलं नव्हतं ते शेंगा फोडता फोडता तिने एका प्रश्नात दाखवलं, आणि मला तिचा इतका राग आला की मी उठून गायीला पाणी दाखवून आले. राग तिचा नव्हता अर्थात.

भाऊबीजेला सकाळी दादा, वहिनी आणि पोरं आली. दोन्ही काका-काकूही आले. कुणी बोलावलं नव्हतं, पण आपला फोटो लागणार म्हटल्यावर कोण घरी बसतं? थोरल्या काकांनी फेटाही बांधला होता, बहुधा ताडून बघता यावं म्हणून. मी दादाला ओवाळलं. तो ताटात पाकीट ठेवायला लागला तेव्हा म्हटलं, "आधी यंत्र बघ. मग काय घालायचं ते घाल."

आईने नवं लुगडं नेसून स्क्रीनसमोर बैठक मारली. लाईट होती, विहिरीवर धाकट्या काकांचा गडी उभा केला होता. आईने हिरवं बटण दाबलं. चित्रातल्या पाइपातून पाणी पडायला लागलं आणि तिकडून गड्याने हात हलवला. लाल बटण दाबलं, पाणी थांबलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांना दिसावं म्हणून मी बाऱ्या एकेक करून पुढे सरकवल्या. धाकटे काका-काकू आले, नातवासकट. थोरले आले, गव्हाळ. आमची बारी आली, आणि स्क्रीन पांढरा फटक पडला. क्षणभराने बोर्ड आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा बाऱ्या सरकवल्या, पुन्हा आमच्या बारीला पांढरा.

जुळवताना हे दिसलं नव्हतं, कारण तेव्हा मी एका वेळी एकच फोटो लावून बघत होते. कारखान्यात असं कुणी तपासलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

दादाने माझ्याकडे मायेने पाहिलं, आणि ते मला सगळ्यात झोंबलं. "असू दे गं," तो म्हणाला. "तू लई केलंस. दुपारून आईचं सामान बांधू."

आईने माझ्याकडे पाहिलं. ती घाबरली होती. माझी आई बिबट्या दारात आला तर त्याला दगड मारणारी, तिचे हात मांडीवर गच्च धरलेले मी पहिल्यांदा पाहिले. जागा कमी पडतेय एवढं कळत होतं. का, ते शोधायला दिवस लागला असता. तेवढ्यापुरता एकच उपाय होता, कुणाचा तरी फोटो काढायचा. अंगणात सगळे उभे. कुणाचा काढू?

"एक फोटो कमी करावा लागेल," मी म्हटलं, आणि कुणाकडेच न बघता जमिनीकडे पाहिलं. फेटा हलला. नातवाला कुणीतरी कडेवर घेतलं.

"आमचा काढ," आई म्हणाली.

"अहो आई, पैठणी..." वहिनी पुटपुटली.

"घरची मान्सं शेवटच्या पंगतीला बसत्यात. काढ तू."

मी काढला. आमच्या बारीला नुसती निळी घागर ठेवली. पुन्हा बाऱ्या सरकवल्या. धाकटे, थोरले, घागर, धाकटे. चाललं. आई उठली, तिने दादाचा हात धरून त्याला स्क्रीनसमोर आणलं आणि बोट ठेवून एकेक वाचून दाखवलं. हो, वाचूनच. "ही लाईट. हे पानी. ही थोरल्यांची बारी, आज म्या मोटरीला हात लावायचा न्हाई. घागर आली की आपली. मला इथं बसून समदं दिसतंय. शिर्डीत काय दिसंल मला?"

"बरं," दादा म्हणाला. "गव्हाचं पाणी सरेपर्यंत बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो, हे आईला तो जन्मायच्या आधीपासून माहीत आहे, कारण वडीलही तेच म्हणायचे. पाकीट त्याने ताटात ठेवलं.

खरा दोष पुढच्या रविवारी सापडला. कोठीतला फोटो दाखवायला तो आधी ओट्यावर उलगडावा लागतो. दाखवून झाला की ती जागा परत द्यायची असते. मी देतच नव्हते. पहिल्या दोन पंगती जेवून उठल्या होत्या, पण उष्ट्या पत्रावळी तशाच पडून होत्या, आणि पाच माणसांच्या पैठणीवाल्या फोटोला बसायला जागाच उरत नव्हती. एक ओळ लिहिली, पत्रावळी उचलल्या गेल्या.

"आई, आता जागा झाली," मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं. "दादा-वहिनीचा फोटो परत लावते."

"नगं." तिने फळीवरचा डबा काढला, त्यातून एक पासपोर्टएवढा फोटो काढून माझ्या हातावर ठेवला. दहावीच्या परीक्षेच्या अर्जासाठी काढलेला, दोन वेण्या, लाल रिबिनी, फोटोवाल्यावर रागावलेला चेहरा. माझा.

"हा कशाला? माझी बारी कुठाय इथं?"

वडील गेल्यावर वर्षभरात मी रानातल्या माझ्या वाट्याच्या हक्कसोडीवर सही केली होती. आमच्याकडे बहिणी करतात, मीही केली. कुणी जबरदस्ती केली नव्हती, कुणी फसवलं नव्हतं. सही करून आले त्या दिवशी आई माझ्याशी नेहमीसारखी बोलली आणि रात्री जेवली नाही, हे मला फार नंतर काकूंकडून कळलं.

"सही तू रानाची केलीस," आई म्हणाली. "ह्या यंत्रात कोन दिसायचं ते म्या सांगनार. आपली बारी आली की तू दिस."

चौसष्ट बाय चौसष्ट ठिपके, चार हजार शहाण्णव बाइट. सहज मावला. लावताना मला स्क्रीन नीट दिसत नव्हता, आणि या खेपेला दोष बोर्डात नव्हता.

मंगळवारी मी कारखान्यात होते तेव्हा आईचा फोन आला. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. केला तरी ऐकायच्या भानगडीत पडत नाही, सांगायचं तेवढं सांगते.

"आज तू आलीयास बग," ती म्हणाली. "दारं धराया चालले."

"हो, आले," मी म्हणाले. तोवर तिने फोन ठेवला होता.